रुग्णालयात जडणारा संसर्ग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या वडिलांना खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल केले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली, परंतु सहाव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप आला. लघवीच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचे जीवाणू सापडले आणि अहवालात बहुतेक प्रतिजैविकांसमोर ‘आर’ हे अक्षर होते. दाखल होताना त्यांना लघवीची कोणतीही तक्रार नव्हती. हा रुग्णालयाचा हलगर्जीपणा समजावा काय? आणि पहिल्या दिवसापासून सर्वांत भारी औषध दिले असते, तर हे टळले असते काय?

उत्तर : दाखल होताना नसलेला संसर्ग 48 तास उलटल्यावर दिसू लागला, की त्याला रुग्णालयजन्य संसर्ग म्हणण्याची पद्धत आहे आणि तुमच्या वडिलांचा आजार त्या व्याख्येत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, रुग्णालयात दाखल झालेल्या दर 100 रुग्णांपैकी श्रीमंत देशांत 7 जणांना, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना असा एखादा तरी संसर्ग होतो. तेव्हा केवळ संसर्ग झाला एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. मात्र ‘असे होतच असते’ म्हणून रुग्णालयानेही हात झटकू नयेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत नळी घालताना पाच गोष्टी कटाक्षाने पाळल्या : हात धुणे, रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. दीड वर्षात तेथील रक्तसंसर्गाचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटल्याचे 2006 साली प्रसिद्ध झाले. यात नवे औषध एकही नव्हते, हे मला विशेष वाटते.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही : लघवीची नळी किती दिवस होती? शस्त्रक्रियेच्या वेळी ती घालणे अनेकदा आवश्यक असते, पण पुढे रुग्णाला उठवण्याचा त्रास वाचतो एवढ्याच कारणाने ती राहून जाते. नळी असेपर्यंत लघवीत जीवाणू शिरण्याची शक्यता दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढते. नळीच्या पृष्ठभागावर जीवाणू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही, म्हणून अशा संसर्गात जुनी नळी काढणे किंवा बदलणे हा उपचाराचाच भाग ठरतो. ‘नळी अजून हवी आहे का?’ हे रोज विचारणे नातेवाइकांनाही सहज जमण्यासारखे आहे आणि त्यात डॉक्टरांचा अवमान होतो असे मुळीच मानू नये.

आता ‘आर’विषयी. प्रयोगशाळेत रुग्णाच्या नमुन्यातील जीवाणू एका पोषक थरावर सारखे पसरतात आणि त्यावर औषधे भिनवलेल्या कागदाच्या लहान गोल चकत्या ठेवतात. रात्रभर उबवल्यावर काही चकत्यांभोवती जीवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते. पट्टीने त्याचा व्यास मोजतात आणि ठरलेल्या मापापेक्षा तो कमी भरला, किंवा वाढ थेट चकतीच्या कडेला भिडली, तर त्या औषधासमोर ‘आर’, म्हणजे प्रतिरोधी, असे लिहितात. आता पुष्कळ ठिकाणी हे काम यंत्र वेगळ्या पद्धतीने करते, पण प्रश्न तोच असतो. क्लेबसिएलासारखे जीवाणू औषधाचा रेणू फोडणारी विकरे तयार करतात, आणि त्यांची जनुके ज्या छोट्या डीएनए-वलयांवर असतात ती वलये शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही देता येतात. अशा एकाच वलयावर चार-पाच औषधांविरुद्धची तजवीज असू शकते. म्हणूनच अहवालात एकाखाली एक ‘आर’ दिसतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. भारी औषध आधीच दिल्याने जीवाणू येण्याचे थांबत नाहीत. आतड्यातील निरुपद्रवी, औषधाला दाद देणारे जीवाणू तेवढे मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत दाद न देणारे फोफावतात. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जीवाणूवर उपाय म्हणून मेथिसिलिन हे प्रतिजैविक वापरात आल्यानंतर दोनच वर्षांत, 1961 साली, त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस ब्रिटनमध्ये नोंदले गेले. मूत्रपिंडाला घातक म्हणून मागे पडलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक आज पुन्हा वापरावे लागते, ते इतर पर्याय संपत आल्यामुळेच. शस्त्रक्रियेपूर्वी देण्याच्या प्रतिबंधक प्रतिजैविकाची वेळ चिरा देण्यापूर्वीच्या दोन तासांतली आहे. जखम बंद झाल्यावर ते ‘खबरदारी म्हणून’ दिवसेंदिवस चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. अर्थात रुग्णाचा रक्तदाब खालावला असेल, शुद्ध हरपत असेल, तर कल्चरच्या अहवालासाठी दोन-तीन दिवस थांबणे जिवावर बेतेल. तेथे व्यापक औषध लगेच सुरू करतात आणि अहवाल हाती आल्यावर नेमक्या औषधावर येतात. हा दुसरा टप्पाच बहुधा गळतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : प्रत्येक खाटेजवळ सॅनिटायझर असताना साबणाने हात धुण्याचा आग्रह कशासाठी?

उत्तर : हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलयुक्त द्रावण अधिक सोयीचे आणि प्रभावी आहे, 20 ते 30 सेकंद चोळले की पुरे. मात्र क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसील या जीवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. प्रतिजैविके चालू असताना किंवा संपल्यानंतर काही आठवड्यांत लागणाऱ्या तीव्र जुलाबांमागे हा असू शकतो. अशा रुग्णाला हात लावल्यावर साबण आणि वाहते पाणीच हवे, कारण बीजाणू मारायचे नसून धुऊन टाकायचे असतात. हातमोजे घातले म्हणून हात धुण्यातून सुटका होत नाही, हेही जाता जाता सांगतो.

प्रश्न : आईच्या घरी सोडतानाच्या कागदपत्रांत ‘एमआरएसए वाहक’ अशी नोंद आहे. ती ठणठणीत आहे. तिला वेगळ्या खोलीत ठेवावे का? औषध चालू करून हे घालवता येईल का?

उत्तर : एमआरएसए म्हणजे वर उल्लेखलेले, मेथिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस. वाहक म्हणजे नाकात किंवा त्वचेवर हे जीवाणू आहेत, पण त्यांनी आजार निर्माण केलेला नाही. अशा अवस्थेत तोंडाने प्रतिजैविके सहसा देत नाहीत. पुढे एखादी मोठी शस्त्रक्रिया ठरली, तर त्याआधी नाकात लावायचे मुपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडीनने स्नान असा काही दिवसांचा उपचार सुचवला जातो. घरात तिला वेगळे ठेवण्याची गरज नाही. तिचा टॉवेल व रेझर इतरांनी वापरू नये, जखम असल्यास ती झाकलेली असावी आणि जखमेला स्पर्श केल्यावर हात धुवावेत, एवढे पाळावे. घरात कोणाला उघडी जखम, डायलिसिसची नळी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार चालू असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना ही नोंद दाखवावी. आईला पुन्हा कोठेही दाखल करताना हा कागद पहिल्याच भेटीत पुढे करावा, कारण खाट कोठे द्यायची आणि गरज पडल्यास कोणते प्रतिजैविक निवडायचे, हे त्यावरून ठरते.