आरतीला बाबांना आधार देऊ की नको?

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते, वय २९, एका लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करायचं काम करते. गेल्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. घरी आई, बाबा, दादा, वहिनी, सगळे हिंदू. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले पण गणपती इथेच रूमवर बसतो, पाच दिवस. बाबांना पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेलाय, डावी बाजू चालत नाही, पण आरतीला खुर्चीत बसा म्हटलं तर ऐकत नाहीत, उभंच राहायचं असतं, मागच्या वेळी माझ्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले, मी हात जोडले नाहीत, मनात प्रभूची प्रार्थना करत होते. हे चर्चमध्ये सांगितलं तर पास्टर म्हणाले हीपण मूर्तिपूजाच, यंदा पाच दिवस घरात थांबूच नकोस, चर्चमधल्या एखाद्या बहिणीकडे राहा, जो माझ्यापेक्षा आईबापावर जास्त प्रीती करतो तो मला योग्य नाही असं येशूने सांगितलंय. इकडे दादा म्हणतो गेलीस तर परत येऊ नको आणि रूममधला हिस्सापण विसर. काय करू?

उत्तर : घरी राहा ग. आणि बाबांना उभं राहायचं असेल तर टाकू दे खांद्यावर हात.

हे माझ्या मनचं नाही सांगत. बायबलमधलं २ राजे, पाचवा अध्याय काढ. नामान, अरामाच्या राजाचा सेनापती, त्याचं कोड बरं झालं, यापुढे परमेश्वराशिवाय कुणाला होम-बली करणार नाही असं त्याने सांगून टाकलं आणि त्याच दमात देवाचा संदेष्टा अलीशा याला म्हणाला, माझा धनी रिम्मोन या आपल्या देवाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेऊन नमन करतो, मलापण वाकावं लागतं, एवढ्याची देव मला क्षमा करो. अलीशाने त्याला नोकरी सोडायला सांगितलं नाही, झापलं नाही, शांतीने जा म्हणाला, बस. तुला तर वाकायचंही नाहीये, अर्धं अंग गेलेल्या बापाला पडू द्यायचं नाही एवढंच आहे.

पण नामानाने आपण काय करणार नाही हे आधी ठरवलं होतं, तेही तितकंच महत्त्वाचं. तू ओवाळणार नाहीस, हात जोडणार नाहीस, हे आईला चतुर्थीच्या आधीच सांग, दोघीच किचनमध्ये असाल तेव्हा, दादासमोर नको आणि पाहुणे दारात असताना तर नकोच नको. बाकी कामाला मागे राहू नकोस. नारळ खवून दे, उकड मळून दे, मोदकांच्या कळ्या पाडायला बस आईबरोबर, एवढ्या पाहुण्यांचं एकटीने करून तिची कंबर मोडत असणार. प्रसादाचं म्हणशील तर प्रेषित पौलाने १ करिंथ ८ आणि १० मध्ये यावरच लिहिलंय, मूर्ती काहीच नाही हे तो मान्य करतो आणि तरी दुसऱ्याचं मन दुखावू नका म्हणतो, आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत खाणारेही आहेत आणि न खाणारेही. तुझं मन टोचत असेल तर नको खाऊस, पण पोट भरलंय वगैरे खोटी कारणं देऊ नकोस, आई मला नको म्हणून सरळ सांग.

आता पास्टरांनी सांगितलेलं ते मत्तय १० मधलं वचन. ते खरं आहे, मी त्याला पाणी घालणार नाही. पण त्याच्या चारपाच ओळी वर वाच, तिथे येशू बोलतोय लोकांसमोर त्याला नाकारण्याबद्दल. तुझे बाबा तुला येशूला नाकार म्हणाले का? त्यांनी आधार मागितलाय. उद्या दादाने बायबल टाक आणि चर्च बंद कर नाहीतर घराबाहेर हो म्हटलं तर ते वचन तुझ्यासाठी आहे, तेव्हा रडत का होईना पण बाहेर पडावं लागेल आणि ते सोपं जाईल असं मी म्हणणार नाही. आज ती वेळ नाही. आणि मार्क ७ मध्ये हाच येशू, आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलंय असं सांगून हात झटकणाऱ्यांवर किती चिडलाय बघ, आणि वधस्तंभावर जीव जात असताना त्याने आपल्या आईला शिष्याच्या हवाली केलं (योहान १९).

कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुला माहीत असतील. १८९५ ला इथे मुंबईतच त्यांचा बाप्तिस्मा झाला, बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळ कोसळलं, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग नगरला नवऱ्याकडे आल्या त्या हिंदू म्हणूनच, आपलं सोवळं सांभाळत. एका घरात दोन धर्म नांदले, आणि १९०० ला लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटलं तेव्हा. मला वाटतं टिळक घर तोडून बसले असते तर ते झालंच नसतं.

हिस्स्याचं दादा चुकीचं बोलतोय. नुसतं धर्म बदलला म्हणून तुझा वारसाहक्क जात नाही, तसा कायदा १८५० लाच झाला होता. रूम बाबांनी स्वतः घेतलेली असेल तर ते मृत्युपत्र करून कुणालाही देऊ शकतात, तो वेगळा विषय. पण हे आत्ता गणपतीत काढू नकोस, डोकी थंड झाल्यावर वकिलाला विचार.

राहिले पास्टर. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांनीच तुला प्रभूकडे आणलं असेल, त्यांना तुझी काळजी आहे हे मी धरून चालते. त्यांना भेट, नामानाचा अध्याय समोर उघडून ठेव आणि सांग की सकाळी बाबांना उठवून संडासला कोण नेतं, आंघोळ कोण घालतं, आणि ते पाच दिवस कोण करणार. शक्य झालं तर त्यांना एकदा घरीच बोलव, गणपतीनंतर, बाबांना भेटू देत. एवढं सगळं ऐकूनही घर सोड म्हणाले तर तू त्यांचं हे ऐकायला बांधलेली नाहीस. मुंबईत मराठी उपासना होणारी चर्च बरीच आहेत, दुसऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या पाळकाशी बोल, आणि काय झालं ते मला नक्की कळव.