"मॅडम, हे अंगचोर झालेत का?"

"नोकरीची चार वर्षं राहिलीत फक्त. तेवढी बी काढत न्हाई म्हंत्यात. अंगचोर झालेत का हे?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीवर टेकायच्या आतच त्यांनी विचारलं. उचगावच्या बाई. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला (म्हणजे ओतून काढलेले भाग, कास्टिंग, घासून साफ करायला), वय 54, नोकरी 26 वर्षांची. थोरल्याच्या लग्नाची बोलणी चाललेली, धाकटा डिप्लोमाला. हाच प्रश्न घेऊन बायका वरचेवर येतात, म्हणून त्या दोघांना विचारून, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हे लिहिते आहे.

अण्णा (घरात सगळे त्यांना हेच म्हणतात) पुढच्या आठवड्यात आले, बायकोच्या आग्रहाखातर. बराच वेळ एकच उत्तर : "हुईना आता." शेवटी मी म्हटलं, "कालची पाळी सांगा. गेटमधून आत गेल्यापासून."

मग सांगू लागले. कास्टिंग घासताना ग्राइंडरची थरथर खांद्यापर्यंत चढते. जेवणाच्या सुट्टीत बोटांना मुंग्या, थंडीत तर बोटं पांढरी पडतात, शर्टाचं बटण लावता येत नाही. वाळूचा खकाणा, भट्टीकडची धग. साखरेची गोळी आहे, पण रात्रपाळीत जेवण आणि गोळी यांचा मेळ बसत नाही. सारखं लघवीला जावं लागलं तर मशीन बंद राहतं, म्हणून पाणीच कमी पितात. बंद खोलीतही ते ओरडल्यासारखे बोलत होते, मशीनच्या आवाजात जन्म गेलेली माणसं बोलतात तसे. आवाज एकदाच खाली आला. मुलाच्या वयाचा सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "मामा, आता घरी बसा." हे त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं.

आणि त्याच माणसाने, नुसतं बोट फिरवून कास्टिंगमधलं बारीक भोक कसं कळतं, हे मला दहा मिनिटं समजावून सांगितलं. अंगचोर माणूस असं बोलत नाही. त्यांना काम नको नव्हतं. ग्राइंडर, रात्रपाळी आणि तो अपमान नको होता. या तिन्हींतून सुटायला त्यांना राजीनामा एवढीच वाट दिसत होती, आणि घरच्यांना फक्त राजीनामा ऐकू येत होता.

मी त्यांना सोडा म्हटलं नाही, राहा असंही नाही. तिरीमिरीत सही करू नका, एवढंच मागितलं. डॉक्टरकडे ते आजवर "हात दुखतोय" म्हणून जात, गोळ्या घेऊन परत येत. या वेळी हाताला कोणतं मशीन असतं, दिवसाचे किती तास, किती वर्षं, हे कागदावर लिहून नेलं. तपासणीची दिशाच बदलली. हलकं काम आणि दिवसपाळी द्यावी, असा दाखला मिळाला. हिशेब काढताना कळलं की वर्षभरात आजारपणाचे बरेच दिवस त्यांनी बिनपगारी खाडे म्हणून काढले होते. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात, नाव असलेल्या कामगाराला अटी पूर्ण असल्या तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के आजारभत्ता मिळतो. मुदतीआधी सोडलं तर ग्रॅच्युइटी बुडते, असंही त्यांच्या डोक्यात होतं. बुडत नाही. पाच वर्षं भरली की दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराप्रमाणे ती मिळते. पीएफच्या पेन्शनचं मात्र जपायला हवं. दहा वर्षं नोकरी झालेल्याला पन्नाशीनंतर ती लवकर सुरू करता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांची दर वर्षी 4 टक्क्यांप्रमाणे कपात, आणि ती जन्मभराची. हे ऐकल्यावर अण्णांनीच ठरवलं : पेन्शनला हात लावायचा नाही.

कंपनीने त्यांना इन्स्पेक्शनला, म्हणजे कास्टिंग तपासायला, घेतलं. सात महिने बरे गेले. मग ती जागा बंद झाली, पुन्हा ग्राइंडर पुढ्यात आला, आणि अण्णांनी 55 व्या वर्षी नोकरी सोडली. अर्जात "वैयक्तिक कारण" असं न लिहिता तब्येतीमुळे मुदतपूर्व निवृत्ती असं लिहिलं. ईएसआयमध्ये किमान पाच वर्षं काढून अशी निवृत्ती घेतलेल्याला वर्षाला 120 रुपये भरून स्वतःचे आणि पत्नीचे उपचार चालू ठेवता येतात. साखर असलेल्या घरात ही लहान गोष्ट नाही.

शेवटच्या भेटीला दोघं आले. उद्यमनगरात एका ओळखीच्याकडे अण्णा रोज चार तास कास्टिंग तपासतात. पैसे निम्म्याहून कमी, लग्न एक वर्ष पुढे ढकललंय. बाई म्हणाल्या, "तुम्हाला इचारलं ते ह्यांनाच आधी इचाराय पायजे हुतं." अण्णांना ते ऐकू गेलं नाही. कानाची तपासणी ते अजून टाळतायत. पुढची भेट त्यासाठीच ठेवली आहे.