ब्रेस्ट कॅन्सरमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती दबते म्हणजे नेमकं काय होतं? ती वाढवून उपयोग होतो का?

"वाढवून" हा शब्द वाचला आणि डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, स्लाइड बनवणं, रंगवणं हे रोजचं काम. ताईला ब्रेस्ट कॅन्सर निघाला तेव्हा आमच्या दादाने तिच्या उशाशी बसून निकालच देऊन टाकला, "तुझी इम्युनिटीच ढासळली होती गं, झोप नाही, नुसती दगदग, मग दुसरं काय होणार." झालं! ताईने एक वही केली. रोज किती तास झोप झाली ते त्यात लिहायची, केमोच्या रात्रीसुद्धा, आणि आकडा पाचच्या खाली गेला की दिवसभर गप्प. त्यात केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरल्या की दादा म्हणणार, बघ, मी सांगत होतो ना. अरे बाबा, ते औषधाने बोन मॅरो दबतो म्हणून!

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी साहेबांना विचारून दादाला लॅबमध्ये नेलं आणि शिकवायला ठेवलेली एक जुनी स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली. ब्रेस्ट ट्यूमर, सीडी६८चा स्टेन. यात मॅक्रोफेज, म्हणजे नको ते गिळून टाकणाऱ्या जन्मजात प्रतिकारशक्तीतल्या पेशी, तपकिरी दिसतात आणि सगळ्या पेशींची केंद्रकं निळी. निळ्या पुंजक्यांच्या भोवती, मधल्या फटीफटीत, तपकिरी ठिपक्यांची नुसती गर्दी. म्हटलं, मोज. बराच वेळ डोळा लावून बसला, मग म्हणाला, "एवढ्या आहेत? मग लढत का नाहीत?"

तुमचा प्रश्नही हाच आहे. त्या गैरहजर नसतात हो, फितूर झालेल्या असतात. ट्यूमर सीएसएफ-१ नावाचं प्रथिन सोडून त्यांना बोलावतो, मॅक्रोफेज बदल्यात ईजीएफ हे पेशींना वाढायला-सरकायला लावणारं प्रथिन देतात आणि त्या वासावर कॅन्सरच्या पेशी रक्तवाहिन्यांकडे सरकतात. एरवी जखम भरताना जे करायचं, नव्या रक्तवाहिन्या आणणं, दाह आवरणं, तेच इथे ट्यूमरसाठी चालू. ड्वोराक नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९८६ सालीच ट्यूमरला न भरणारी जखम म्हटलंय. शिवाय कॅन्सरच्या पेशी अंगावर सीडी४७ नावाचं प्रथिन मिरवतात, म्हणजे मॅक्रोफेजला सरळ "मला खाऊ नको" असा निरोप. एनके म्हणजे नॅचरल किलर, याच फौजेतल्या मारेकरी पेशी, त्यांचं वेगळं. बिघडलेल्या पेशीवर मायका नावाची खूण उमटते, ती बघून एनके मारतात, तर ट्यूमर ती खूणच छाटून बाहेर सोडून देतो, वर टीजीएफ-बीटा हे प्रतिकारशक्ती दाबणारं प्रथिन सोडून एनकेचा ती खूण ओळखणारा रिसेप्टरही कमी करतो.

आता अशी फितूर फौज वाढवून काय मिळवणार? २००१ साली उंदरांवर उलटं करून बघितलं, सीएसएफ-१ नसलेल्या उंदरांत मूळ गाठ तेवढीच वाढली पण फुफ्फुसात पसरणं कमी झालं. इम्युनिटी बूस्टर विकणाऱ्यांना हे विचारा एकदा.

हां, सगळे ट्यूमर सारखे नसतात हेही खरं. ट्यूमरच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असेल तर ट्रास्टुझुमॅब हे औषध काही अंशी याच एनके आणि मॅक्रोफेजना कामाला लावून मारतं, म्हणजे त्या कायमच्या गेलेल्या नसतात. आणि झोप वाईट असं मी म्हणत नाहीये, झोपा खुशाल, पण झोपली नाहीस म्हणून कॅन्सर झाला असं आजारी माणसाच्या तोंडावर म्हणायचं नाही.

दादा त्या दिवशी लॅबमधून बाहेर पडला आणि पहिलं काम काय केलं, तर सिगरेट पेटवली. मग मीही सोडलं नाही. म्हटलं, २०१८ सालचा एक पेपर आहे, उंदरांना तंबाखूचा धूर दिला तर फुफ्फुसातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींनी, एरवी जंतू पकडायला टाकतात ते, आपलं जाळं फेकलं आणि त्या जाळ्यामुळे तिथे झोपलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी जाग्या झाल्या, तर निदान ताईच्या खोलीत ओढू नकोस. उंदीर आणि माणूस एक नाही, माहितेय मला, त्याला तेवढं सांगितलं नाही.

ताईला मात्र तो पेपर दाखवला नाही. दुसरी वही केली असती तिने.