मुंबई–न्यूयॉर्क पहिल्यांदा जाताना

काकू, नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल असल्याने मुंबई–न्यूयॉर्क हा जवळचा रस्ता उत्तरेकडे कमानीसारखा वळतो आणि साधारण १२,५०० किलोमीटर भरतो. प्रत्यक्षात विमान याहून जास्त उडतं, कारण वारा आणि बंद हवाई हद्दी टाळाव्या लागतात.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. समजा, रात्री एकला निघून सकाळी साडेसहाला पोहोचणार असं छापलंय. प्रवास साडेपाच तासांचा नाही! न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागे आहे. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. तेवढे मिळवा, म्हणजे उन्हाळ्यात पंधरा तास. येताना मात्र तेवढेच तास वजा करायचे. परतीला सहसा कमी वेळ लागतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून रेटतात.

लेक पुढे दुसऱ्या शहरात राहत असेल, तर न्यूयॉर्कला उतरल्यावर निदान तीन-चार तास हाताशी ठेवाच. इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी, तिथेच होते, बॅगा बहुधा तिथेच घेऊन कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. मध्ये दीडच तास असलेलं स्वस्त तिकीट मी तरी घेऊ देणार नाही. आणि गुडघे दुखतात ना तुमचे? कडेची सीट घ्या, दर दोन तासांनी उठून चाला, व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा. त्यात संकोच नको.