गाडी बंद पडली की लगेच सेल्फ मारू नकोस

प्रिय शिष्योत्तमा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. प्लग बदलले, फिल्टर बदलला, टाकीतला पंपसुद्धा नवा टाकला. दोन दिवस गाडी गुणी बाळासारखी चालली आणि तिसऱ्या दिवशी चालता चालता पुन्हा गप्प. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर जणू काही घडलंच नव्हतं. आता इग्निशन कॉइल, प्लगला ठिणगीचा करंट देणारी, आणून ठेवलीस आणि मला विचारतोस, टाकू का?

नको. खोकं उघडूसुद्धा नकोस.

तुझं काम वाईट नाही, पण तू चुकीच्या वेळी शोधतोयस. अशी गाडी तुझ्यापर्यंत येते तेव्हा ती बरी झालेली असते. बऱ्या गाडीत तू काय मोजणार? हा आजार फक्त गाडी बंद पडल्यानंतरच्या दोन-चार मिनिटांत दिसतो, आणि नेमकी तीच मिनिटं आपण सेल्फ मारण्यात घालवतो.

माझ्या उमेदवारीतली गोष्ट. कार्बोरेटरची जुनी गाडी होती, रस्त्यावर बंद पडायची. गॅरेजात आम्ही ती दिवसभर चालू ठेवली, एकदाही बंद पडली नाही. कॉइल बदलून झाली, कार्बोरेटर दोनदा खोलून झाला. संध्याकाळी माझे वस्ताद आले. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना करंट वाटणारा डबा; त्याच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची, म्हणजे इंजिनाच्या ओढीने आतली प्लेट फिरवणाऱ्या भागाची, नळी कार्बोरेटरकडून काढली, तोंडात धरली आणि ओढली. इंजिन बंद! आतली प्लेट फिरते तशी पिकअप कॉइलची, म्हणजे ठिणगीची वेळ कळवणाऱ्या गुंडाळीची, वायर दरवेळी जरा वाकते. वरचं प्लॅस्टिक शाबूत होतं, आतली तांब्याची तार तुटलेली होती. उभ्या गाडीत दोन्ही टोकं टेकून राहायची, रस्त्यावर प्लेट हलली की सुटायची. आम्ही दिवसभर गाडी उभी ठेवूनच तपासत होतो, मग ती का म्हणून बंद पडेल?

तर आधी मालकाला बसवून नीट विचार. ‘बंद पडते’ एवढ्यावर सोडू नकोस. झटक्यात पडते, बटण दाबल्यासारखी, की आधी आचके देते, ओढ कमी होते? झटक्यात असेल तर बहुतेक करंटचा मामला. आचके देत मेली तर पेट्रोल कमी पडतंय असं धर. ब्रेक मारून थांबतानाच पडते का? मग ही वाट सोडून थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडलचा व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूमच्या फाटक्या नळ्या बघ. ते सोपं आहे. आणि एक प्रश्न कुणी विचारत नाही, तू विचार: बंद पडली तेव्हा आरपीएमचा काटा काय करत होता? गाडी गिअरमध्ये, क्लच दाबलेला नाही, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतच आहेत. तरी काटा धाडकन शून्यावर आला, तर इंजिनाची खबर देणारा सिग्नल तुटला: इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा क्रँक सेन्सर, नाहीतर इग्निशनचा सप्लाय. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर खबर पोचतेय, पेट्रोल पोचत नाही. डॅशबोर्डवरचे दिवेही विचार. इंजिन फिरायचं थांबलं की ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा लागायला हवा. एकही लागला नसेल तर इग्निशन स्विचपासून सुरुवात कर.

मालकाला सगळं आठवेलच असं नाही. म्हणून पुढचा उद्योग.

१२ व्होल्टचे दोन छोटे बल्ब घे. एक टाकीतल्या पंपाला जाणाऱ्या पॉझिटिव्हवर जोड, दुसरा इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवर. दोघांची अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर दे, बॉडीवर नको. बॉडीची अर्थिंगच चोर निघाली तर? दोन्ही वायरींत छोटा फ्यूज घाल. वायरी आत आणून बल्ब डॅशवर शेजारच्या सीटसमोर चिकटव आणि चक्कर मारायला निघ. बल्बांकडे शेजारी बसणाऱ्याने बघायचं, तुझी नजर रस्त्यावर.

दोन्ही बल्ब एकदम विझले तर दोघांचा सामायिक रस्ता तुटला: इग्निशन स्विच, मेन रिले (करंट चालू-बंद करणारी डबी), बॅटरीचं टर्मिनल. नुसता पंपाचा विझला तर घाई करू नकोस, कारण इथेच सगळे फसतात. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन फिरल्याची खबर थांबली की कॉम्प्युटर स्वतःच एक-दोन सेकंदांत पंप बंद करतो. म्हणजे पंप थांबला हे कारण नसेल, परिणाम असेल. तू पंप बदललास तो बहुधा याच गोंधळात. क्रम बघायचा. बल्ब आधी विझला आणि इंजिन नंतर आचके देत मेलं, तर पंपाचा रिले किंवा त्याची वायर. इंजिन आधी मेलं आणि बल्ब मागून विझला, तर पंपाला हात लावू नकोस, क्रँक सेन्सरकडे जा. आणि दोन्ही बल्ब लागलेलेच असताना इंजिन ओढ सोडत मेलं, तर पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लाव. जुन्या इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत ३ बारच्या आसपास दाब लागतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घे. गेज लावण्याआधी लाइनमधला दाब सोडायचा, हे तुला सांगायला नको. तरी सांगतो.

गरम झाली की बंद, गार झाली की चालू, हे ऐकलं की सगळे क्रँक सेन्सर म्हणतात. बरेचदा खरंही असतं. दोन वायरींच्या सेन्सरमध्ये बारीक तारेची गुंडाळी असते; ती तापून पसरते, कुठेतरी तडकलेली असेल तर सुटते, गार झाली की पुन्हा जुळते. सेन्सर काढ, मल्टीमीटर ओहमवर लाव आणि हेअर ड्रायरने तापव. आकडा गरमीबरोबर थोडा चढणारच. एकदम उडून ओपन दाखवायला लागला की सापडला. हॉल सेन्सर, म्हणजे गुंडाळीऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला, असेल तर ओहममध्ये मोजून काही कळत नाही, चालू गाडीत सिग्नलच बघावा लागतो.

पण हुबेहूब असंच सोंग टाकीचं झाकणही आणतं. टाकीत हवा जायची वाट बुजली की पेट्रोल संपत जातं तशी आत पोकळी होते, अर्ध्या तासाने पंप ओढून ओढून थकतो. गाडी उभी राहिली की हवा हळूहळू शिरते आणि गाडी पुन्हा चालू. म्हणून बंद पडल्यावर बल्ब बघून झाले की झाकण सोड आणि कान दे. आत हवा ओढल्याचा मोठा फुस्स आला तर बाकी सगळं ठेव बाजूला, हवेची वाट साफ कर.

स्विच, रिले आणि अर्थिंग यांना फार वेळ लागत नाही. इंजिन चालू ठेवून किल्ली हलक्या हाताने हलव; जड जुडगा वर्षानुवर्षं लटकला की स्विच झिजतो. रिलेवर पेचकसाची मूठ टिचकव. खोललास तर आतल्या सोल्डरवर पिनेभोवती बारीक गोल चीर दिसते का बघ, भिंग लागेल. अर्थिंगसाठी इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, आणि मीटर बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत. ०.१ व्होल्टच्या आसपास ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंगची पट्टी काढून घास.

स्कॅनरला बिघाडाचा कोड नाही म्हणून सेन्सर चांगला, असं तू लिहिलंस. कोड आला तर तो पुरावा, नाही आला तर काहीच नाही. क्षणभर तुटून जुळलेल्या वायरीचा कोड जुने कॉम्प्युटर बरेचदा ठेवतच नाहीत.

चक्कर मारताना मोकळा रस्ता आणि उजेड निवड. बंद पडली की स्टिअरिंग जड होईल, दचकू नकोस. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम उरतो. पेडल पुन्हा पुन्हा मारून तो संपवायचा नाही, ब्रेक एकदाच दाबून धरायचा. गाडी चालती असताना किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. हॅझर्ड लाव, कडेला घे, आणि हात सेल्फपासून लांब ठेव. आधी बल्ब, मग झाकण, मग स्पार्क टेस्टर, म्हणजे ठिणगी येते का ते दाखवणारं यंत्र.

कोणता बल्ब आधी विझला ते लिही. कॉइलचं खोकं तोवर बंद राहू दे, परत करता येईल.

तुझा,
वस्ताद