गव्हर्नरच्या निवडणुकीत चौकटीत कोण बसणार, हे ठरवतं कोण?

तुम्ही विचारलंय की इंग्रजी विकिपीडियावर अमेरिकेतल्या राज्यांच्या गव्हर्नर निवडणुकांची पानं उघडली की उजवीकडच्या माहितीचौकटीत कधी दोन उमेदवारांचे फोटो दिसतात, कधी तीन, आणि बाकीचे तळाच्या तक्त्यात नुसत्या नावानिशी असतात. हे कोण ठरवतं, आणि मराठीत अशी पानं करायची झाली तर तोच नियम धरावा का?

ठरवणारा साहेब कुणी नाही. संपादक मंडळ नाही, अंतिम शब्द असलेला माणूस नाही. प्रत्येक लेखाला जोडलेलं चर्चापान असतं, संपादकांनी आपसात बोलायचं, आणि त्यावर वाद घालून दमलेली माणसं असतात. दमल्यावर जे उरतं त्याला तिथे सहमती म्हणतात. मी बरीच वर्षं फावल्या वेळात दोन्ही भाषांमध्ये संपादन करतो, त्यातही निवडणुकांच्या पानांवर जास्त, म्हणून थोडं लांबलचक सांगतो.

मराठीत पहिला अडसर शब्दाचाच आहे. 'राज्यपालपदाची निवडणूक' असं शीर्षक दिलंत तर आपला वाचक म्हणणार, राज्यपालाची कुठे निवडणूक होते? बरोबरच आहे त्याचं. आपल्या घटनेच्या कलम १५५ प्रमाणे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. गंमत म्हणजे मूळ मसुद्यात राज्यपाल मतदारांनी थेट निवडून द्यावा असा पर्याय होता. मे १९४९ मध्ये घटना समितीने तो बाजूला ठेवून नेमणुकीचा मार्ग घेतला. लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री आणि लोकांनीच निवडलेला राज्यपाल समोरासमोर आले तर करायचं काय, ही तेव्हाची एक मोठी धास्ती होती. अमेरिकेत हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे मुख्यमंत्री नावाचं पद नाही. गव्हर्नर हाच राज्याचा कारभारी. म्हणून मी सरळ 'गव्हर्नर' लिहितो आणि पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात फरक सांगून टाकतो. भाषांतर करण्याच्या हौसेपायी अर्थ बदलत असेल तर ती हौस काय कामाची?

आता फोटोंचं. इंग्रजी विकिपीडियावर रूढ झालेली रेघ पाच टक्क्यांची आहे. निकालात पाच टक्के किंवा जास्त मतं मिळाली तर उमेदवार चौकटीत, नाहीतर फक्त तक्त्यात. मतदानाआधी हाच अंदाज जनमत चाचण्यांवरून बांधतात. पाचच का? त्याला शास्त्राधार वगैरे काही नाही. चार असते तरी चाललं असतं. पण रेघ निकालाच्या आधी आखलेली आहे, आणि ती कुणाला फायद्याची ठरेल हे आखताना कुणालाच माहीत नव्हतं, यातच तिची सगळी किंमत आहे. २०१३ साली व्हर्जिनियात टेरी मॅकॉलिफ जिंकले, केन कुचिनेली हरले आणि लिबर्टेरियन या छोट्या पक्षाचे रॉबर्ट सार्व्हिस यांना साडेसहा टक्के मतं पडली, म्हणून तिथे तिसरा फोटो आहे. २०१९ साली केंटकीत अँडी बशीर यांनी तेव्हाचे गव्हर्नर मॅट बेव्हिन यांना ५,१३६ मतांनी हरवलं. लिबर्टेरियन पक्षाचेच जॉन हिक्स यांना तिथे २८ हजारांवर मतं होती, म्हणजे फरकाच्या पाचपट. पण ती जेमतेम दोन टक्के भरली, म्हणून फोटो नाही. 'निकाल फिरवला त्यानेच, आणि त्यालाच बाहेर ठेवता?' असा प्रश्न येणारच. माझं उत्तर असं की निकाल फिरवला हे तुम्ही म्हणताय. हिक्स नसते तर त्या लोकांनी कुणाला मत दिलं असतं, की घरीच बसले असते, हे मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. मजकुरात आकडे द्या, वाचक हुशार आहे.

चौकटीतला क्रम मतांचा, पक्षाच्या आकाराचा नाही. २०१० साली कोलोरॅडोत रिपब्लिकन उमेदवार डॅन मेस ११ टक्क्यांवर घसरून तिसरे आले आणि एका छोट्या पक्षाच्या तिकिटावर लढलेले टॉम टॅनक्रेडो दुसरे. तिथे दुसरा फोटो टॅनक्रेडोंचाच हवा. त्याच वर्षी मेन राज्यात अपक्ष एलियट कटलर जवळपास ३६ टक्के घेऊन दुसरे आले. एरवी सवयीने आपला हात निळा आणि लाल रंग शेजारी शेजारी ठेवायला जातो, पण आकडे तसं म्हणत नाहीत. (ते निळे-लाल रंगही काही फार जुने नाहीत. डेमोक्रॅट निळे आणि रिपब्लिकन लाल हे २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून पक्कं झालं. त्याआधी वाहिन्या वाटेल तसे रंग वापरत. जुन्या निवडणुकांच्या नकाशांना आजचे रंग देतो ती केवळ वाचकाची सोय.)

खरी पंचाईत होते ती साच्यातच न बसणाऱ्या निवडणुकांत. कॅलिफोर्नियात गव्हर्नरला मुदतीआधी परत बोलावता येतं. मतपत्रिकेवर दोन प्रश्न असतात: यांना हटवायचं का, आणि हटवलं तर कोण हवं? २००३ साली ग्रे डेव्हिस यांना हटवा म्हणणारे ५५.४ टक्के निघाले आणि दुसऱ्या प्रश्नावर १३५ उमेदवारांतून अर्नोल्ड श्वार्झनेगर ४८.६ टक्क्यांनी निवडून आले. १३५ जणांचा तक्ता करायचा की नाही यावर माझं मत ठाम आहे: करायचाच, घडी घालून ठेवायचा, हवा त्याने उघडावा. कागदाचा खर्च थोडाच आहे! २०२१ चं पान मात्र अवघड. गॅव्हिन न्यूसम यांना हटवू नका म्हणणारे ६१.९ टक्के. दुसऱ्या प्रश्नावर लॅरी एल्डर ४८.४ टक्के घेऊन पहिले. हे दोन आकडे एकाच चौकटीत शेजारी ठेवले की वाचकाला वाटतं न्यूसम विरुद्ध एल्डर अशी लढत झाली आणि एल्डर थोडक्यात हुकले. पण हे दोन वेगळ्या प्रश्नांचे टक्के. लाखो मतदारांनी दुसरा प्रश्न कोराच सोडला होता, खुद्द न्यूसम यांनी तसं आवाहन केलं होतं. अशा पानावर मी चौकटीत फक्त 'हटवा / हटवू नका' एवढंच ठेवीन आणि एल्डर यांना खाली, त्यांच्या प्रश्नाच्या तक्त्यात अव्वल जागी.

आणि मग येतं वॉशिंग्टन, २००४. राजधानीचं नव्हे, सिॲटलवालं राज्य. (शीर्षक देताना ही काळजी घ्याच. 'जॉर्जियातील निवडणूक' एवढंच लिहिलंत तर कॉकेशस पर्वतातल्या देशाचा शोध घेणारा वाचक तुमच्या पानावर येऊन पडतो.) तिथे सुमारे २८ लाख मतं पडली होती. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डिनो रॉसी २६१ मतांनी पुढे. फरक इतका कमी की नियमानेच यंत्रावर फेरमोजणी झाली, त्यात आघाडी उरली ४२ मतांची. राज्याच्या सचिवांनी रॉसींना विजयी म्हणून प्रमाणितही केलं. मग डेमोक्रॅट पक्षाने पैसे भरून हाताने मोजणी मागितली. मधेच किंग काउंटीत, म्हणजे सिॲटल ज्यात येतं त्या जिल्ह्यात, चुकून बाद ठरवलेल्या शेकडो टपाली मतपत्रिका सापडल्या, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी ख्रिस्टीन ग्रेगॉर १२९ मतांनी पुढे निघाल्या. जानेवारी २००५ मध्ये त्यांनी शपथ घेतली. तरी खटला चालूच. जूनमध्ये न्यायाधीशांनी रिपब्लिकनांचा दावा फेटाळला आणि बेकायदा ठरलेली चार मतं उलट रॉसींच्याच खात्यातून वजा केली. फरक झाला १३३.

चौकटीत मग कोणता आकडा? एकेका आकड्यामागे एकेक गट उभा राहतो आणि प्रत्येकाकडे भक्कम संदर्भ असतो, त्यामुळे 'संदर्भ द्या' म्हणून सुटका होत नाही. मी असं करतो: तक्त्यात राज्याने अखेरीस प्रमाणित केलेली मतं, आणि न्यायालयाने नंतर जे बदललं ते मजकुरात, कारणासकट. शिवाय तिन्ही मोजण्यांचे फरक एका छोट्या तक्त्यात, तारखांसह. रॉसींना प्रमाणपत्र मिळालं होतं हे लपवायचं नाही आणि त्यांना गव्हर्नरांच्या यादीतही घालायचं नाही. आणि हो, त्या निवडणुकीत लिबर्टेरियन रूथ बेनेट यांना सुमारे ६३ हजार मतं होती. फरक १२९ चा! पण टक्के दोनच्या आसपास, म्हणून तिथेही रेघ तीच, फोटो नाही. केंटकीत एक न्याय आणि इथे दुसरा असं करता येत नाही.

आपल्याकडच्या माणसाला यातली एक गोष्ट पटकन उमगत नाही. आपल्याकडे निवडणूक निर्णय अधिकारी मोजणी संपली की प्रमाणपत्र हातात देतो आणि विषय संपतो. अमेरिकेत सगळ्या देशाचा मिळून मोजणी करणारा आयोग नाही. रात्री 'अमुक जिंकले' म्हणतात ते असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्था, आणि राज्याची अधिकृत मोहोर काही आठवड्यांनी उमटते. २०२२ साली ॲरिझोनात ८ नोव्हेंबरला मतदान झालं, केटी हॉब्स जिंकल्या असं वृत्तसंस्थांनी १४ तारखेला सांगितलं, अधिकृत शिक्का डिसेंबरात. फरक १७,११७ मतांचा. कॅरी लेक यांनी हार मानली नाही, कोर्टात गेल्या, कोर्टांनी दावे फेटाळले. अशा पानावर मी एक पथ्य पाळतो: आरोप ज्या वाक्यात, न्यायालयाचा निकालही त्याच वाक्यात. दोघांमध्ये परिच्छेद पडला की अर्धा वाचक आरोपावरच थांबतो. आणि मधल्या सहा दिवसांत 'विजयी' लिहायची घाई करणाऱ्यांची संपादनं मी निमूटपणे उलटवत बसतो, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

कुठल्या उमेदवाराला कुणी पाठिंबा दिला, या पानावरच्या याद्यांबद्दल जास्त बोलत नाही. त्या कंटाळवाण्या असतात. ज्याचं स्वतःचं पान होऊ शकतं त्यानेच दिलेला, स्पष्ट शब्दांतला, आणि त्रयस्थ बातमीत आलेला पाठिंबा असेल तर ठेवा. समाजमाध्यमावर कुणी अंगठा दाखवला म्हणजे पाठिंबा होत नाही. मराठीत तर मी ही यादी गाळूनच टाकीन. तसंच, वर्षाच्या एकत्रित पानावर 'एकूण जागा' लिहिताना २०२२ साठी ३६ लिहायचं की ३९, हे आधी ठरवा. राज्यं ३६ होती. ग्वाम, उत्तर मारियाना बेटं आणि अमेरिकन व्हर्जिन बेटं हे प्रदेश धरले तर ३९. दोन्ही बरोबर, फक्त पान सुरू करताना एक घेऊन मधेच दुसऱ्यावर उडी मारू नका.

मराठी वाचकाला ज्याचं कौतुक वाटेल असं एक पान मात्र आहे, आणि आपलीच परीक्षा पाहणारं आहे. २०१८ ची मिशिगनची निवडणूक. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार उभे होते. ग्रेचेन व्हिटमर पहिल्या, अब्दुल एल-सय्यद दुसरे, ठाणेदार सुमारे १८ टक्के घेऊन तिसरे. आता तुमच्या-माझ्या हाताला काय होईल? चौकटीत त्यांचा फोटो लागेल, पहिल्या परिच्छेदात नाव येईल. पण ती चौकट नोव्हेंबरच्या निवडणुकीची आहे आणि ठाणेदार त्या मतपत्रिकेवर नव्हतेच. प्रायमरीच्या उपविभागाला स्वतःची चौकट असेल तर तिथे पाच टक्क्यांच्या नियमाने ते येतात, सन्मानाने. तेवढंच. केवळ उमेदवार होते म्हणून तेव्हा त्यांचं स्वतंत्र पान करणंही वादाचंच ठरलं असतं, कारण स्वतंत्र पान मिळायला विकिपीडियावर जी उल्लेखनीयता लागते तिला नुसती उमेदवारी पुरत नाही. २०२२ साली ते अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले आणि तो प्रश्न संपला. मराठी वाचकासाठी त्यांच्याविषयी एखादं वाक्य जास्त लिहायला माझी हरकत नाही, पण ते प्रायमरीच्या विभागात.

तेव्हा, तोच नियम मराठीत धरावा का? पाच टक्क्यांची रेघ धराच, कारण नवी रेघ आखायला बसलात तर चर्चापानावर तुम्ही, मी आणि आणखी एखाददुसरा, एवढेच असू. पण साचा, म्हणजे चौकटीचा तयार आराखडा, जसाच्या तसा आणू नका. इंग्रजीतला साचा 'सर्वाधिक मतं म्हणजे विजय' असं गृहीत धरतो, आणि काही राज्यांना ते मान्य नाही. व्हरमाँटमध्ये कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर विधिमंडळ निवड करतं. २०१४ ला पीटर शमलिन यांना ४६.४ टक्के होते, आणि जानेवारी २०१५ मध्ये विधिमंडळाने ११० विरुद्ध ६९ मतांनी त्यांना निवडलं. चौकटीत दोन्ही टप्पे हवेत.

सरावाला घ्यायचं तर १९९९ चं मिसिसिपी घ्या. तिथे तेव्हा मतदारांचं बहुमत आणि प्रतिनिधीगृहाच्या मतदारसंघांचं बहुमत अशा दोन्ही अटी होत्या. रॉनी मसग्रोव्ह यांना ४९.६ टक्के, माइक पार्कर यांना ४८.५, आणि मतदारसंघ दोघांनाही ६१-६१. शेवटी जानेवारी २००० मध्ये प्रतिनिधीगृहाने ८६ विरुद्ध ३६ मतांनी मसग्रोव्ह यांना निवडलं. ही पद्धत २०२० साली मतदारांनी रद्द केली. मी हे पान मराठीत दोनदा सुरू करून सोडलंय. ते ६१-६१ चौकटीत नेमके कुठे बसवायचे हे तुम्हाला सुचलं, तर चर्चापानावर लिहा, मी येतो.