पद्मिनीचं सस्पेन्शन आणि दहा लाखांचा विमा

प्रश्न: वय ४४, कोल्हापूर. हातात पगार ८५ हजार, पत्नी गृहिणी, दोन मुलं, गृहकर्ज २८ लाख बाकी. वडिलांची १९७४ ची प्रीमियर पद्मिनी ताशी साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरवते, खड्ड्यात पुढून खट् वाजतं. जुने विशबोन (पुढचं चाक धरणारे दुफाटी दांडे) काढून नव्या गाडीचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेले उभे खांब) टाकायचे गॅरेजवाला १ लाख ६० हजार सांगतो. एजंट म्हणतो, पॉलिसीवर कर्ज काढा. पॉलिसी सहा वर्षांपूर्वीची, मुदत २० वर्षं, हप्ता वर्षाला ६० हजार, विमा १० लाख, शेवटी २२ लाख मिळणार. दुसरा विमा नाही. हे कर्ज काढू की पर्सनल लोन?

उत्तर: दोन्ही नको. आधी गाडीचं उरकू.

ही लक्षणं बहुतेक वेळा झिजलेल्या भागांची असतात. पुढचं चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली धरून हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंग पिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं ती. चाक आडवं धरून हललं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा बघा. किंग पिन किट, विशबोनचे रबरी बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. पिनचे नवे बुश रीमर मारून मापात आणावेच लागतात. मिस्त्रीने ते टाळलं की स्टिअरिंग जड होतं, वळणानंतर सरळ येत नाही. विशबोनचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा. हवेत आवळले तर रबर पिळवटून फाटतं. शेवटी ग्रीस, अलाइनमेंट. मजुरीसकट ३०-३५ हजार धरा.

स्ट्रटचा भार वरच्या टोकाला येतो आणि पद्मिनीच्या मडगार्डमागचा पत्रा त्यासाठी बनवलेलाच नाही. वेल्डिंगशेजारी भेगा पडतात. शिवाय बॉडी शेल कापली की व्हिंटेज नोंदणी विसरा.

आता न विचारलेलं. कर्ज २८ लाख, विमा १० लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर बँकेचेच १८ लाख उरतील, घर चालवायला शून्य. पॉलिसीवर कर्ज काढलंत तर ते त्या १० लाखांतूनही वळतं होईल. हे एजंटने सांगितलं का?

त्या २२ लाखांचा परतावा जेमतेम साडेपाच टक्के, तोही बोनस गृहीत धरून. महागाई ६ टक्के धरली तर १४ वर्षांनंतरचे ते २२ लाख म्हणजे आजचे पावणेदहा. सरेंडर केलीत, म्हणजे पॉलिसी मधेच मोडलीत तर भरलेल्या ३ लाख ६० हजारांतल्या निम्म्याचीच हमी. पॉलिसीवरचं कर्ज त्या रकमेच्या ९० टक्के, म्हणजे १ लाख ६२ हजार! गॅरेजचं कोटेशन काय नेमकं बसलंय.

दीड कोटीचं टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या, साठीपर्यंतचं. तंबाखू नसेल तर वर्षाला ३०-३५ हजार पडेल. ब्लड प्रेशर, शुगर असेल तर फॉर्मवर लपवू नका. ती पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी विम्यावर चालू ठेवा. ३ लाखांचा विमा आणि साठलेला बोनस राहील. हप्त्याच्या ६० हजारांतून उरलेले २५-३० हजार यंदा किंग पिनला लावा.